भित्रा माणूस आणि त्याची सोंगे : डॅनी केच्या सोळा चित्रपटांची क्रमवारी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की धरमपेठेतल्या आमच्या घरातून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात कोणी उंबरठा ओलांडत नाही. यंदा त्या कोंडलेल्या दुपारी सत्कारणी लागाव्यात म्हणून मी, माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई आणि सुट्टीला आलेली माझी नऊ वर्षांची नात अशा तिघींनी डॅनी के या अमेरिकन विनोदी नटाचे, १९४४ ते १९६३ या काळात प्रदर्शित झालेले आणि त्याची प्रमुख भूमिका असलेले सोळाही चित्रपट ओळीने पाहिले. गाणे, नाच, नक्कल आणि अभिनय या चारही गोष्टी सारख्याच ताकदीने करणारा हा माणूस आपल्याकडे चार्ली चॅप्लिन किंवा लॉरेल-हार्डी यांच्याइतका कधी पोहोचला नाही. त्याचे काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि काय वगळले तरी चालेल, हे कोणीतरी मराठीत नीट सांगायला हवे असे मला फार दिवस वाटत होते, म्हणून हे परीक्षण.

आधी कसोटीविषयी सांगते, कारण ती आम्ही ठरवून लावलेली नव्हती. वाळ्याच्या ताट्या लावलेला आमचा कूलर पूर्ण वेगाने सुरू झाला की संवादांतले निम्मे शब्द त्याच्या घरघरीत बुडून जातात. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. नातीला शाळेतले इंग्रजी येते, पण १९४० च्या दशकातले अमेरिकन बोलणे तिच्या कानाला परके आहे. त्यामुळे जो विनोद केवळ शब्दांत होता तो आमच्या बैठकीच्या खोलीत टिकत नव्हता, आणि जो चेहऱ्यात, हातवाऱ्यांत, चालण्यात आणि सुरात होता तोच टिकत होता. ही कसोटी डॅनीवर अन्याय करणारी आहे असे कोणी म्हणेल, कारण त्याची कीर्तीच मुळी जिभेच्या वेगाची आहे. १९४१ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवे या नाट्यगृहांच्या भागातल्या एका संगीत नाटकात त्याने जवळपास पन्नास रशियन संगीतकारांची नावे चाळीस सेकंदांच्या आत गाऊन दाखवली होती आणि तिथूनच तो रातोरात मोठा झाला. परंतु त्याच्या घडणीचा एक आधीचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९३४ साली एका नृत्यनाट्य मंडळीबरोबर तो आशियाच्या दौऱ्यावर होता आणि जपानमधल्या ओसाका शहरात चक्रीवादळ येऊन दिवे गेले. तेव्हा घाबरलेल्या प्रेक्षकांसमोर तो रंगमंचाच्या कडेला बसला, विजेरीचा झोत त्याने स्वतःच्या तोंडावर धरला आणि आठवतील ती गाणी गात राहिला. ज्यांना आपल्या भाषेतला एक शब्दही कळत नाही अशा माणसांना केवळ चेहरा आणि स्वर यांच्या बळावर धरून ठेवायला तो त्या दौऱ्यात शिकला. म्हणजे आमची दुपारची कसोटी त्याच्या कलेला परकी नव्हती.

चौथ्या की पाचव्या दिवशी सासूबाई अचानक म्हणाल्या, "हा पोट्टा भेतो खूप, पण पळून नाई जात." त्या एका वाक्यामुळे माझी सगळी क्रमवारी नव्याने मांडली गेली. तोवर मी गाणी किती, नाच कसा, रंग कसे आहेत, अशा हिशेबाने टिपणे काढत होते. आता मला दिसू लागले की डॅनी जवळजवळ प्रत्येक चित्रपटात एकाच माणसाची भूमिका करतो. हा माणूस भित्रा आणि गोंधळलेला आहे, चारचौघांत त्याचा आवाज फुटत नाही, आणि कोणाचे तरी सोंग अंगावर चढले की त्याच माणसाला विलक्षण बळ येते. जो चित्रपट या भित्र्या माणसाला पुरेशी जागा देतो तो उत्तम ठरतो, आणि जो केवळ सोंगांची रांग लावतो तो दमदार वाटला तरी दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

या हिशेबाने तळाला काय राहते ते थोडक्यात सांगते. क्रेडिट कार्डांच्या कार्यालयातल्या गोंधळावरचा 'द मॅन फ्रॉम द डायनर्स क्लब' हा १९६३ चा चित्रपट सगळ्यांत शेवटी, कारण त्यात डॅनी गातही नाही आणि थांबतही नाही, नुसता धावतो. त्याच्या वर 'द किड फ्रॉम ब्रुकलिन' हा १९४६ चा चित्रपट येतो. घरोघरी दूध पोहोचवणारा साधा माणूस चुकून मुष्टियोद्धा ठरतो ही कथा विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडने दहा वर्षांपूर्वी 'द मिल्की वे' या चित्रपटात करून ठेवली होती आणि तिच्यात नवे फारसे काही मिळवलेले नाही. 'अ साँग इज बॉर्न' (१९४८) हाही दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने स्वतःच्याच जुन्या चित्रपटाची केलेली पुनरावृत्ती आहे. त्यात लुई आर्मस्ट्राँग, बेनी गुडमन, लायनेल हॅम्प्टन, टॉमी डॉर्सी असे जॅझचे थोर वादक एका खोलीत बसून वाजवतात, म्हणून जॅझच्या चाहत्यांनी तो जरूर पाहावा. डॅनी मात्र त्यात गातच नाही, आणि ज्याच्या गळ्यासाठी आपण आलो तो गप्प बसलेला पाहताना जीव खट्टू होतो. 'अप इन आर्म्स' (१९४४) हे त्याचे मोठ्या पडद्यावरचे पहिले नायकाचे काम. सतत आपल्याला काहीतरी आजार झाला आहे अशी धास्ती बाळगणारा माणूस सैन्यात भरती होतो, एवढाच त्याचा जीव आहे. चित्रपटगृहाच्या दालनात उभे राहून तो एकटाच एक अख्खा चित्रपट गाऊन आणि नाचून दाखवतो ती पाच-सात मिनिटे तेवढी पुन्हा पाहण्यासारखी आहेत.

'ऑन द रिव्हिएरा' (१९५१) आणि 'ऑन द डबल' (१९६१) यांना मी शेजारी शेजारी ठेवते, कारण दोन्हींत डबल रोल आहे. आपल्या हिंदी चित्रपटांनी डबल रोलचे इतके प्रकार दाखवले आहेत की नागपूरच्या प्रेक्षकाला त्यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या चित्रपटासाठी त्याला गोल्डन ग्लोब हे अमेरिकन चित्रपट पारितोषिक मिळाले, तरी मला दुसरा किंचित अधिक आवडला. त्यात एका मोठ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे सोंग घेतलेला साधा शिपाई आपले सोंग उघडे पडेल या भीतीने सतत घामाने ओला होतो, आणि ती भीती खरी वाटते. सर्कशीवरच्या 'मेरी अँड्र्यू' (१९५८) मध्ये तो शाळामास्तर आहे आणि पायथागोरसचा सिद्धांत गाण्यातून शिकवतो. नातीने ते गाणे तीन वेळा मागे नेऊन ऐकले. भूमितीच्या शिक्षकांनी तेवढा तुकडा वर्गात जरूर दाखवावा. बाकी चित्रपट गोड आहे आणि विरळ आहे.

आता 'व्हाइट ख्रिसमस'. १९५४ साली अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणारा हा चित्रपट लोकप्रियतेच्या क्रमवारीत पहिलाच येईल, आणि मी त्याला आठव्या क्रमांकावर ठेवते आहे, म्हणून कारण सांगणे भाग आहे. ही भूमिका डॅनीसाठी लिहिलेली नव्हती. आधी ती फ्रेड अॅस्टेअरकडे गेली होती, मग डोनाल्ड ओ'कॉनरकडे, आणि तो आजारी पडल्यावर ती डॅनीकडे आली. ते जाणवते. तो चित्रपटाचा दुसरा नायक, गायक-नट बिंग क्रॉस्बी याच्या बाजूला उभा राहतो, उत्तम नाचतो, योग्य जागी हसवतो, पण चित्रपट त्याचा होत नाही. व्हिस्टाव्हिजन या पद्धतीने चित्रित झालेला हा पहिला चित्रपट. तिच्यात फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकते आणि त्यामुळे प्रत्येक चौकट मोठी मिळते. म्हणूनच सत्तर वर्षांनंतर घरातल्या टीव्हीवरही त्यातले लाल आणि हिरवे रंग डोळ्यांत भरतात. एक प्रसंग मात्र मी कोणालाही चुकवू देणार नाही. क्रॉस्बी आणि डॅनी दोघे पँटचे पाय वर दुमडून, हातात निळ्या पिसांचे पंखे घेऊन, बहिणी-बहिणींच्या गाण्यावर बायकी ठुमके देतात. त्यात डॅनी पंख्याने क्रॉस्बीला चापट्या मारू लागतो आणि क्रॉस्बीला खरोखरीचे हसू आवरत नाही. दिग्दर्शक मायकल कर्टिझने तोच तुकडा चित्रपटात ठेवला. सासूबाईंनी लहानपणी गावात रात्र रात्र जागून खडी गंमत हे विदर्भातले लोकनाट्य पाहिलेले आहे. तिथे बायकांची सोंगे पुरुषच घेतात, आणि पदर सावरताना नाच्याचा हात कसा फिरतो यावरून गावातली माणसे त्याची पारख करतात. डॅनीचा पंखा धरलेला हात पाहून त्यांनी मान डोलावली.

'द इन्स्पेक्टर जनरल' (१९४९) हा सातव्या क्रमांकाचा चित्रपट मराठी वाचकाला आपोआप ओळखीचा वाटेल, कारण निकोलाय गोगोलच्या ज्या १८३६ सालच्या रशियन नाटकावर तो आधारलेला आहे, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'अंमलदार' लिहिले. भ्रष्ट गावाला मोठा साहेब तपासणीला येणार अशी कुणकुण लागते, कोणीतरी भलताच माणूस साहेब समजला जातो आणि सारे गाव त्याच्यापुढे लोटांगण घालते. गोगोलचा तोतया स्वतःही बढाईखोर आणि खोटारडा आहे, म्हणून त्या नाटकात कोणीच सुटत नाही. हॉलिवुडने तोतयाला औषधाच्या फिरत्या खेळातला एक निरक्षर, भुकेला आणि प्रामाणिक माणूस करून टाकले, आणि त्यामुळे नाटकाचा दंश गेला. 'अंमलदार' ज्यांनी वाचले किंवा पाहिले आहे त्यांना ही उणीव नक्की बोचेल. तरीही एका दृश्यात तो एकटाच असताना त्याच्याभोवती त्याचीच निरनिराळी रूपे उभी राहतात आणि साहेबाने कसे वागावे याचा सल्ला वेगवेगळ्या आवाजांत गाऊन देतात, तेव्हा भित्रा माणूस सोंग कसे चढवतो ते आपल्याला आतून दिसते. पाहणाऱ्यांना एक सूचना करते. अमेरिकेत या चित्रपटाचे स्वामित्वहक्क संपुष्टात आल्यामुळे त्याच्या असंख्य प्रती फुकट फिरत असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा विटलेल्या, पिवळ्या पडलेल्या आहेत. आम्ही पाहिलेल्या पहिल्या प्रतीत माणसांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसत होते. दहा मिनिटांत ती बंद करून दुसरी शोधावी लागली.

सहाव्या जागी 'वंडर मॅन' (१९४५) आहे. रात्रीच्या क्लबात गाणाऱ्या एका फटकळ कलावंताला गुंड मारून टाकतात आणि त्याचा आत्मा पुस्तकांत बुडालेल्या जुळ्या भावाच्या शरीरात शिरून त्याच्याकडून काम करवून घेतो. मी कथा समजावून सांगायला तोंड उघडले तोच सासूबाईंनी मला थांबवले. "कळलं. अंगात आलंय त्याच्या." परकी गोष्ट इतक्या कमी शब्दांत आपलीशी झालेली मी क्वचित पाहिली आहे. या चित्रपटाला विशेष दृश्य-परिणामांसाठी ऑस्कर मिळाले आणि तेव्हाची ती करामत आजही डोळ्यांना खटकत नाही. अखेरीस गुंडांपासून पळताना तो ऑपेराच्या रंगमंचावर पोहोचतो आणि चालू प्रयोगात शिरून खुनाची सारी हकीकत प्रेक्षागारात बसलेल्या सरकारी वकिलाला गाऊन सांगतो. शब्द एकही कळला नाही तरी त्या दृश्यात काय चालले आहे ते लहान मुलालाही कळते.

'नॉक ऑन वुड' (१९५४) पाचवा. बोलक्या बाहुलीचा खेळ करणारा एक कलावंत, ज्याला स्वतःच्या तोंडाने प्रेम व्यक्त करता येत नाही आणि ज्याची बाहुली भर खेळात त्याच्या मनातले भय बोलून दाखवते, ही कल्पना डॅनीच्या भित्र्या माणसासाठी जणू बेतून शिवलेली आहे. पुढे हेरगिरीची कथा सुरू होते आणि ती थोडी लांबते, पण पहिला अर्धा तास फार वरच्या दर्जाचा आहे.

'हान्स ख्रिश्चन अँडरसन' (१९५२) या चित्रपटाला चौथा क्रमांक देताना माझा हात अडखळला, कारण गाण्यांपुरते बोलायचे तर तो निर्विवाद पहिला आहे. फ्रँक लोसरने लिहिलेली आणि स्वरबद्ध केलेली ही गाणी आहेत आणि चित्रपटाला सहा ऑस्कर नामांकने मिळाली होती. ही त्या डॅनिश लेखकाची जीवनकथा नसून त्याच्याविषयी रचलेली परीकथा आहे, असे चित्रपट सुरुवातीलाच सांगतो. डेन्मार्कमध्ये मात्र त्यावरून नाराजी झाली होती, आणि ती समजण्यासारखी आहे. आपल्या एखाद्या संतकवीला कोणी परक्याने असे गोडमिट्ट केले असते तर आपणही रागावलो असतो.

त्यातल्या एका गाण्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. शाळेच्या आत मुले बेरजा घोकत आहेत, दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, असा त्यांचा एकसुरी घोष चालू आहे. मुलांचे लक्ष उडवतो म्हणून मास्तरांनी हान्सला हाकललेले असल्यामुळे तो बाहेर बसला आहे. समोरच्या झेंडूच्या फुलांवर एक अळी अंग दुमडत आणि ताणत, जणू फुलांची मापे घेत चालली आहे, आणि तो तिला हळूच विचारतो आहे की बाई गं, मोजण्याच्या नादात ही फुले किती सुंदर आहेत ते तुला दिसते का. मुलांची बेरीज आणि त्याचे गाणे, दोन वेगळ्या चाली, एकाच वेळी चालतात आणि एकमेकींत अशा मिसळतात की कोणती कोणाला साथ करते ते सांगता येत नाही. विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ही अळी सांगायला नको. पाठीची कमान करून चालते म्हणून आपण तिला उंटअळी म्हणतो आणि सोयाबीनवर ती पडली की फवारणीची धांदल उडते. सासूबाईंनी आयुष्यभर तिला शत्रू म्हणूनच पाहिले होते. गाणे चालू असताना त्या पुढे वाकून बसल्या होत्या, आणि आतल्या मुलांचा घोष ऐकून त्यांनी आपल्या खेड्यातल्या शाळेत संध्याकाळी म्हणायचा 'बे एके बे, बे दुणे चार' चा ठेका मांडीवर धरला. तो ठेका त्या गाण्याला बरोबर बसला. कूलर मी त्या चार मिनिटांपुरता स्वतः उठून बंद केला होता. या गाण्यात डॅनी काहीच करत नाही. हात हलत नाहीत, जीभ पळत नाही, चेहरा जवळजवळ स्थिर आहे. जगातला सर्वांत चपळ माणूस शांत बसला की काय होते ते इथे पाहायला मिळते.

पुढे आजारपणामुळे डोके भादरलेल्या आणि म्हणून सवंगड्यांनी टाकलेल्या एका मुलाला तो कुरूप बदकाची गोष्ट गाऊन सांगतो, आणि तुरुंगाच्या गजांआडून बाहेरच्या एकट्या मुलीला अंगठ्याची बाहुली करून दाखवतो. हे दोन्ही प्रसंग तितकेच निर्मळ आहेत. परंतु नर्तकीवरचे एकतर्फी प्रेम हा जो कथेचा कणा आहे तो लेचापेचा आहे आणि जलपरीचा बॅले फार लांबतो. नात तेवढ्यात दोन आंबे खाऊन आली.

'द फाइव्ह पेनीज' (१९५९) तिसरा. रेड निकोल्स या खऱ्याखुऱ्या कॉर्नेटवादकाची ही कथा आहे, आणि पडद्यावर डॅनीच्या ओठांना लागलेल्या वाद्यातून जो स्वर येतो तो स्वतः निकोल्सने वाजवलेला आहे. मुलीला पोलिओ होतो, बाप वाद्य सोडून जहाजाच्या कारखान्यात कामाला लागतो, आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा तोंडाला वाद्य लावतो तेव्हा पहिला स्वर फाटतो. कॉर्नेट आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये वाजते आणि त्यातला फाटका स्वर म्हणजे काय हे आपल्या कानांना ठाऊक आहे, म्हणून तो क्षण आमच्या खोलीत कोणालाही समजावून द्यावा लागला नाही. माझ्या नातीच्या वर्गात पोलिओने पाय गेलेले एकही मूल नाही. माझ्या वर्गात दोघे होते. हेही मला इथे नोंदवावेसे वाटते, कारण युनिसेफचा पहिला सदिच्छादूत म्हणून हाच डॅनी १९५४ पासून जगभर हिंडला, भारतातही आला, आणि मुलांच्या लसीकरणासाठी व आरोग्यासाठी त्याने आपला विदूषकी चेहरा झिजवला. चित्रपटात लुई आर्मस्ट्राँगबरोबरचे त्याचे गाणे ही दोन उस्तादांची जुगलबंदीच आहे. तीन वेगळी गाणी एकत्र गाण्याचा जो प्रसंग आहे त्याची रचना सिल्व्हिया फाइन यांची.

सिल्व्हिया फाइन यांचे नाव इथे थांबून घ्यायला हवे. १९४० साली त्यांचे डॅनीशी लग्न झाले, आणि त्याच्या जिभेला, श्वासाला आणि चेहऱ्याला नेमके काय पेलेल हे ओळखून त्यांनी त्याच्यासाठी गाणी लिहिली. 'अ साँग इज बॉर्न' मध्ये त्यांचे एकही गाणे नाही आणि तिथे तो गातच नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांचे मोल कळते. डॅनीवर लिहिताना त्यांना एका ओळीत उरकणे मला अन्यायाचे वाटते.

त्यांच्या लेखणीचा एक उत्तम नमुना 'द सीक्रेट लाइफ ऑफ वॉल्टर मिटी' (१९४७) मध्ये पॅरिसमधल्या टोप्यांच्या कारागिराचे जे गाणे आहे त्यात सापडतो. हा चित्रपट मी 'फाइव्ह पेनीज'च्या बरोबरीने तिसऱ्याच जागी ठेवते. दोघांत निवड करणे मला जमले नाही आणि ओढूनताणून करायचीही नाही. अमेरिकन विनोदी लेखक जेम्स थर्बरच्या जेमतेम काही पानांच्या कथेवरून तो काढला आणि थर्बरला तो मुळीच आवडला नाही. आई, मालक आणि वाग्दत्त वधू या सगळ्यांकडून दिवसभर बोलणी खाणारा एक मुद्रितशोधक मनातल्या मनात कधी वादळातला जहाजाचा कप्तान होतो, कधी अशक्य शस्त्रक्रिया करणारा शल्यविशारद, तर कधी लढाऊ वैमानिक. प्रत्येक स्वप्नात एखादे यंत्र 'पॉकेटा पॉकेटा' असा आवाज करते. सासूबाईंच्या गावच्या पिठाच्या चक्कीचे ऑइल इंजिन तसेच 'पुक पुक' करायचे म्हणे, आणि दळण होईपर्यंत त्या तिथे उभ्या उभ्या कुठल्या कुठे जाऊन यायच्या. कुठे जायच्या ते त्यांनी सांगितले नाही.

दुसऱ्या क्रमांकावर मी 'मी अँड द कर्नल' (१९५८) ठेवते. अनेकांना हे पटणार नाही, कारण हा चित्रपट कृष्णधवल आहे, त्यात गाणी नाहीत, नाच नाही, जिभेची कसरत नाही. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसच्या दाराशी आल्या आहेत आणि याकोबोव्स्की नावाचा, आयुष्यभर एका देशातून दुसऱ्या देशात पळत आलेला ज्यू निर्वासित, ज्यूंचा तिरस्कार करणाऱ्या एका पोलिश कर्नलच्या सोबतीने बाहेर पडू पाहतो. त्याने गाडी मिळवली आहे पण त्याला चालवता येत नाही, आणि कर्नलला चालवता येते पण तो शत्रूच्याच दिशेने प्रेयसीला आणायला निघतो. डॅनी स्वतः युक्रेनमधून अमेरिकेत आलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा होता, जन्मनाव डेव्हिड डॅनियल कामिन्स्की. इथे त्याने एकही सोंग घेतलेले नाही. खांदे किंचित पुढे, आवाज खालच्या पट्टीत, आणि प्रत्येक संकटात निदान दोन शक्यता असतातच हे आईचे सांगणे मनाशी धरलेला हा माणूस मागच्या बाकावर बसून असतो. उद्दामपणाने गाडी हाकणाऱ्या कर्नलपेक्षा तो कितीतरी धीट आहे हे कोणी बोलून न दाखवता आपल्याला उमगत जाते. या भूमिकेसाठीही त्याला गोल्डन ग्लोब मिळाले. हा चित्रपट दुपारी कूलरच्या आवाजात पाहू नये. आम्ही तो वाया घालवला आणि मग मी रात्री एकटीने पुन्हा पाहिला.

राहिला पहिला, 'द कोर्ट जेस्टर'. नॉर्मन पनामा आणि मेल्विन फ्रँक या जोडीने तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्या वेळेपर्यंतचा तो सर्वांत खर्चिक विनोदी चित्रपट होता, सुमारे ४० लाख डॉलर त्यावर ओतले गेले, आणि प्रदर्शित झाला तेव्हा तो पडला. पुढे २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी त्याची निवड झाली. बंडखोरांच्या टोळीत लहानग्या खऱ्या राजाला सांभाळण्याचे काम करणारा हॉकिन्स नावाचा मवाळ माणूस विदूषकाचे सोंग घेऊन बळकावलेल्या राजवाड्यात शिरतो, एवढे सांगितले तरी पुरे.

यात जिभेचा सगळ्यांत प्रसिद्ध विनोद आहे. द्वंद्वापूर्वीच्या पेयपानात विष कोणत्या भांड्यात आणि निर्मळ पेय कोणत्या पेल्यात, हे लक्षात ठेवण्यासाठी त्याला एक यमकांनी ठासलेले वाक्य पाठ करायला दिले जाते. ते त्याला जरा कुठे पाठ होते तोच पेला फुटल्याची बातमी येते आणि सगळी यमके नव्याने लावावी लागतात. मी ते मराठीत उतरवण्याचा प्रयत्न केला. बत्त्याचे चित्र असलेल्या वाटीत विष, महालाचे चित्र असलेल्या पेल्यात अमृत, असे काहीतरी झाले आणि त्यात काही राम नव्हता. नातीने मात्र त्यावर 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हे म्हणायला सुरुवात केली. वेग वाढवताच तिची जीभ अडखळली आणि चेहऱ्यावर नेमका तोच भाव आला, जो पडद्यावर डॅनीच्या चेहऱ्यावर होता. सासूबाई पडदा सोडून तिच्याकडे पाहून हसत सुटल्या. म्हणजे तो विनोद शब्दांचा नाहीच. मरण समोर उभे असताना एक घाबरलेला माणूस पाठांतर विसरतो आहे, हा तो विनोद आहे, आणि परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला तो कळतो.

त्याहूनही मोठा प्रसंग तलवारबाजीचा. जादूटोणा करणाऱ्या बाईने हॉकिन्सला असे भारून ठेवले आहे की चुटकी वाजली की तो निष्णात वीर होतो आणि पुन्हा वाजली की मूळचा भेकड. समोर बेझिल रॅथबोन आहे, स्वतः कसलेला तलवारबाज, तेव्हा साठी ओलांडलेला. डॅनीने तलवार इतक्या झपाट्याने आत्मसात केली की वेगवान तुकड्यांत रॅथबोनच्या जागी तलवारबाजीच्या शिक्षकालाच उभे करावे लागले. लढता लढता प्रतिस्पर्धी नकळत चुटकी वाजवतो आणि दर वेळी डॅनीचा कणा, मान, मनगट, डोळे सगळे एका क्षणात बदलते. त्यासाठी त्याला मुखवटा लागत नाही, वेष लागत नाही, संवाद लागत नाही. बाकीचे चित्रपट भित्रा माणूस आणि त्याचे सोंग यांत काही मिनिटांचे अंतर ठेवतात. इथे ते अंतर एका चुटकीइतके उरते, आणि दोन्ही माणसे एकाच अंगात राहतात हे डोळ्यांना दिसते. आमच्याकडे तो प्रसंग सहा वेळा पाहून झाला. सहाव्या वेळी चुटकी वाजवायचे काम नातीने पणजीकडे दिले होते. सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, चुटकी वाजत नव्हती, म्हणून त्या तोंडाने 'टक्' म्हणत होत्या आणि पडद्यावरचा माणूस त्यांचे ऐकत होता.